छप्पर उडाले, परवानगी बाकी

पश्चिम बंगालमधल्या जलपाईगुडीत उघड्यावर पडलेल्या माणसाला घर बांधायला किती पैसे द्यायचे, हे २०२४च्या एप्रिलमध्ये दिल्लीच्या निर्वाचन सदनात, म्हणजे निवडणूक आयोगात, ठरत होते. त्या वर्षीच्या ३१ मार्चच्या दुपारी टोर्नेडोने मैनागुडी परिसरातली बार्निश आणि आसपासची गावे काही मिनिटांत आडवी केली. पाच जीव गेले, शंभराहून अधिक जखमी झाले, टिन-बांबूच्या शेकडो घरांचे पत्रे उडाले. मुख्यमंत्री ममता बॅनर्जी त्याच रात्री पोहोचल्या, दुसऱ्या दिवशी राज्यपाल आले, मग सगळ्या पक्षांचे पुढारी. घराचे पैसे तेवढे आले नाहीत.

कारण लोकसभा निवडणुकीची आचारसंहिता! आयोगाने मंजुरी दिली ती डागडुजीपुरती, नवे घर उभारण्याची रक्कम मात्र अडवली, असा ममतांच्या तृणमूल काँग्रेसचा आरोप होता. आचारसंहिता असताना आपत्तीग्रस्तांना प्रचलित दराने मदत द्यावी आणि आयोगाला कळवावे, दर वाढवायचा असेल तरच आधी विचारावे, हे आयोगाच्याच सूचनांत लिहिलेले आहे. पूर्ण पडलेल्या घराला मैदानी भागात १ लाख २० हजार रुपये, हा आपत्ती प्रतिसाद निधीचा तेव्हाचा दरही केंद्रानेच ठरवलेला. मग या दराने घर बांधून द्यायला परवानगी कसली? पडलेल्या घराची भरपाई हे मतदाराला दाखवलेले आमिष नव्हे. हे सांगावे लागते, हीच लाजेची गोष्ट.

सभांना मात्र परवानगी लगेच मिळते. पंतप्रधानांची ७ एप्रिलची सभा धूपगुडीत झाली, आपत्तीच्या जिल्ह्यातच. तिथला मंडप वेळेवर उभा राहिला. तृणमूलनेही या घरांचा प्रचाराचा मुद्दा करून टाकला. मुळात पंतप्रधान ग्रामीण आवास योजनेचा बंगालचा निधी केंद्राने २०२२ पासून रोखला होता. निमित्त गैरव्यवहाराच्या तक्रारींचे. तक्रारी खऱ्या असतील तर दोषींना पकडा. पण पैसे खाणारे पक्क्या घरात राहतात आणि पत्र्याखाली राहतो तो ज्याचे नाव घरकुलाच्या यादीत अडकले तो. वादळाने नेमके त्यालाच गाठले.

दुसरा संताप याहून जुना आहे. केंद्राच्या आपत्तींच्या यादीत चक्रीवादळ आहे, गारपीट आहे, कीड आहे, थंडीची लाटही आहे. २०२४मध्ये टोर्नेडोचे नाव नव्हते. वीज आणि उष्णतेची लाटही नव्हती. वंगभूमीला टोर्नेडो नवा आहे का? सीमेपलीकडे, बांगलादेशातल्या माणिकगंज भागात २६ एप्रिल १९८९ रोजी एकाच टोर्नेडोने सुमारे तेराशे माणसे मारली. १९९८च्या मार्चमध्ये मेदिनीपूरच्या दांतन भागात पुन्हा तेच घडले. चैत्र-वैशाखात कालबैशाखीची वादळे या मुलखात दरवर्षी येतात आणि त्यांतलेच एखादे टोर्नेडो होऊन उतरते. तरीही दिल्लीचा कागद तेव्हा कोराच होता.

आपल्याकडे तरी काय वेगळे? त्याच एप्रिलमध्ये विदर्भात अवकाळी आणि गारपीट झाली. पूर्व विदर्भाचे मतदानही जलपाईगुडीबरोबरच १९ एप्रिलला होते. तलाठी आणि ग्रामसेवक निवडणुकीच्या कामाला जुंपलेले असताना पंचनामे करणार कोण, असे शेतकरी विचारत होता. झोपलेला गहू आठ दिवस तसाच पडू दे, साहेब येतील, मग फोटो काढू, हे उत्तर त्याला वर्षानुवर्षे पाठ आहे. आचारसंहितेमुळे या उत्तराला सरकारी शिक्का मिळाला इतकेच.

मतमोजणी ४ जूनला होती, तोवर आचारसंहिता उठणार नव्हती. उत्तर बंगालात मोसमी पाऊस साधारण त्याच आठवड्यात दाखल होतो. म्हणूनच ठरलेल्या दराने घरांची भरपाई द्यायला कोणाचीही परवानगी लागणार नाही, असे एका ओळीचे पत्रक आयोगाने लगेच काढायला हवे होते आणि बंगाल सरकारने ती रक्कम मतदानाआधी बाधितांच्या खात्यात जमा करायला हवी होती.