आमची जुनी ‘हायब्रिड’ गेली, पण नवीन हायब्रिड का घेतली नाही?

गेल्या पावसाळ्यात कलानगरच्या सिग्नलला आमची गाडी बंद पडली. म्हणजे ती तिथे बंद पडायलाच हवी होती, सिग्नलला इंजिन थांबवून डिझेल वाचवणं हेच तर तिचं काम. पण सिग्नल हिरवा झाला तरी ती चालू होईना. मागे बीकेसीकडून सुटलेली ऑफिसची गर्दी, हॉर्नचा कल्लोळ, आणि शेजारच्या सीटवर शांतपणे बसलेले बाबा. ते म्हणाले, “हायब्रिडची बॅटरी गेली वाटतं.”

गाडी २०१६ ची सियाझ, डिझेल, मागे ‘एसएचव्हीएस’चा बिल्ला. बॅटरी बदलून ती पुन्हा धावायला लागली, पण सस्पेन्शन, क्लच, एसी अशी एकेक दुखणी रांगेत उभी होतीच. बाबा याच वर्षी निवृत्त झालेत. निवृत्तीच्या पैशांतून १५ लाख त्यांनी गाडीसाठी बाजूला काढले आणि मला सांगितलं, “ही माझी शेवटची गाडी. तू इंजिनिअर आहेस ना, मग नीट बघून सांग.” त्यांचं मत आधीच ठरलेलं होतं. हायब्रिड चालवली, हायब्रिडच घ्यायची.

मी कोड लिहितो, गाड्या बनवत नाही. पण महिनाभर स्प्रेडशीट घेऊन बसल्यावर जे समजलं ते इथे मांडतोय, कारण आता घरोघरी हाच प्रश्न आहे आणि सल्ला शेवटी घरातल्या मोबाइलवाल्या पोरालाच विचारला जातो.

पहिली गोष्ट कळली ती थोडी खट्टू करणारी होती. आमची हायब्रिड खऱ्या अर्थाने हायब्रिड नव्हतीच. तिच्या इंजिनला पट्ट्याने जोडलेली एक छोटी मोटर होती. ती इंजिन झटकन सुरू करायची, वेग घेताना थोडा हात द्यायची आणि ब्रेक दाबला की बॅटरी भरायची. नुसत्या विजेवर गाडी एक फूटसुद्धा हलत नव्हती. याला माइल्ड हायब्रिड म्हणतात. २०१५ मध्ये केंद्राची फेम योजना आली तेव्हा अशा गाड्यांनाही अनुदान मिळायचं. एप्रिल २०१७ पासून ते बंद झालं, कारण एवढ्याशा मदतीला अनुदान कशाला, हा प्रश्न सरकारलाही पडला. कंपनीचा मायलेजचा दावा लिटरला २८.०९ किलोमीटरचा होता. बाबांची डायरी ग्लोव्ह बॉक्समध्येच असते, प्रत्येक वेळी भरलेलं डिझेल त्यात लिहिलेलं. तिच्यानुसार शहरात १५-१६ आणि चिपळूणच्या रस्त्याला २१-२२. दावा आणि डायरी यांतला हा फरक लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

तुमच्या घरातली गाडी कोणत्या रकान्यात बसते ते एम-परिवहन ॲपवर दिसतं. आमच्या आरसीवर इंधनाच्या जागी ‘डिझेल/हायब्रिड’ असं रुबाबात छापलेलं आहे.

आता बाजारात ज्यांना स्ट्राँग हायब्रिड म्हणतात त्या ग्रँड विटारा, हायरायडर, होंडा सिटी ई:एचईव्ही किंवा २०२५ मध्ये आलेली व्हिक्टोरिस या गाड्या वेगळ्या आहेत. कमी वेगात त्या खरोखर विजेवर चालतात. पेट्रोल इंजिनाचं सगळ्यात वाईट काम होतं ते रांगताना आणि उभं असताना, आणि खेरवाडी ते वांद्रे स्टेशन या रस्त्यावर गाडी दुसरं करते काय? तिथे इंजिन गप्प राहतं आणि मोटर ओढते. ब्रेक दाबला की उष्णता बनून वाया जाणारी ऊर्जा पुन्हा बॅटरीत जाते. म्हणून स्ट्राँग हायब्रिडचा फायदा हायवेपेक्षा ट्रॅफिकमध्ये जास्त दिसतो. तंत्रज्ञान म्हणून मला ही गोष्ट फार आवडते. मुंबईसाठीच बनवल्यासारखी आहे.

बॅटरी किती मोठी असते? मोबाइलच्या मापात सांगतो. ५००० एमएएचचा फोन म्हणजे साधारण १९ वॅट-तास. हायरायडरच्या हायब्रिड बॅटरीची क्षमता ०.७६ किलोवॅट-तास, म्हणजे जेमतेम ४० फोन. एमजी विंडसरसारख्या इलेक्ट्रिक गाडीत ३८ किलोवॅट-तास, म्हणजे दोन हजारांच्या आसपास फोन. हायब्रिडला प्लग का नसतो याचं उत्तर इथेच आहे. चाळीस फोन भरायला तिचं स्वतःचं इंजिन आणि ब्रेक पुरतात. दोन हजार फोन भरायला भिंतीतून वीज लागते, आणि वांद्र्यात खरी लढाई त्या भिंतीचीच आहे.

पण आधी पैसे, कारण बाबांच्या १५ लाखांची खरी परीक्षा तिथे झाली.

२२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटीचे नवे दर लागू झाले. इलेक्ट्रिक गाडीवर ५ टक्के, तो आधीपासूनच तेवढा होता. चार मीटरच्या आतल्या, १२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल गाडीवर १८ टक्के. त्याहून मोठ्या गाड्यांवर ४० टक्के. हायब्रिडला वेगळी वागणूक नाही. तिने माप ओलांडलं की तीही चाळीसमध्ये, आणि वर नावं घेतलेल्या चारही गाड्या माप ओलांडतात. आधीच्या रचनेत अशा हायब्रिडवर सेससकट ४३ टक्के आणि तेवढ्याच मापाच्या, १५०० सीसीपर्यंतच्या साध्या पेट्रोल गाडीवर ४५ टक्के कर होता. म्हणजे दोन टक्क्यांचं का होईना, पण कौतुक होतं. आता दोघी सारख्याच. स्वस्त झाली हे खरं, पण शेजारीण तिच्यापेक्षा जास्त स्वस्त झाली.

१७ लाखांची स्ट्राँग हायब्रिड घ्या. त्यात गाडीची मूळ किंमत सुमारे १२ लाख १४ हजार, उरलेले ४ लाख ८६ हजार जीएसटी. त्यावर महाराष्ट्राचा मोटार वाहन कर, १० ते २० लाखांच्या पेट्रोल गाडीला १२ टक्के, म्हणजे आणखी साधारण २ लाख. आता साडेतेरा लाखांची इलेक्ट्रिक गाडी घ्या. मूळ किंमत १२ लाख ८६ हजार, जीएसटी ६४ हजार आणि राज्याचा कर शून्य. कारखान्यातून बाहेर पडताना इलेक्ट्रिक गाडी उलट थोडी महाग आहे! रस्त्यावर येईपर्यंत चित्र पालटतं, कारण एकीवर जवळपास ७ लाख कर आहे आणि दुसरीवर पाऊण लाखसुद्धा नाही. उत्तर प्रदेशने जुलै २०२४ मध्ये स्ट्राँग हायब्रिडचा नोंदणी कर माफ केला. महाराष्ट्राने मात्र सवलती विजेच्या गाड्यांपुरत्याच ठेवल्या. २०२५ च्या ईव्ही धोरणात अटल सेतू, मुंबई-पुणे एक्स्प्रेसवे आणि समृद्धीवर टोलमाफीसुद्धा दिली. (आम्ही चिपळूणला अटल सेतूवरून जातो. एका बाजूचे २५० रुपये. वर्षातून चार वाऱ्या, त्यामुळे फार हुरळून जाण्यासारखं नाही.)

मग विचार एका ओळीत संपायला हवा होता. इलेक्ट्रिक घ्या. बीकेसीत जुलैमध्ये टेस्लाचं शोरूम उघडलं तेव्हा मीही जाऊन सेल्फी काढून आलो. ५९ लाख ८९ हजारांची मॉडेल वाय आमच्यासाठी नव्हती, पण नेक्सॉन, पंच, विंडसर या आवाक्यातल्या होत्या. बाबांना टेस्ट ड्राइव्हसुद्धा आवडली. “आवाजच नाही रे,” असं तीनदा म्हणाले.

अडलं ते सोसायटीत.

वांद्रे पूर्वेत राहणाऱ्यांना हे लगेच कळेल. आमची इमारत पन्नाशीची, पुनर्विकासाच्या मीटिंगा सुरू. पार्किंग म्हणजे कंपाऊंडमध्ये रंगाने आखलेले चौकोन, आणि आमचा चौकोन मीटरच्या खोलीपासून सगळ्यात लांबच्या कोपऱ्यात. केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाच्या जानेवारी २०२२ च्या सूचना सांगतात की घरच्या वीजजोडणीवरून तुम्ही स्वतःची गाडी चार्ज करू शकता. बरोबर आहे. पण मीटरपासून चौकोनापर्यंतची वायर सोसायटीच्या जागेतून जाते, आणि तिथे प्रश्न नियमाचा कमी आणि माणसांचा जास्त असतो. मी अर्ज दिला. सेक्रेटरी काका भले माणूस, मला लहानपणापासून ओळखतात. म्हणाले, “अरे, दीड-दोन वर्षांत बिल्डिंग पडणार. आत्ता खोदाखोद कोण करणार? नवीन टॉवरमध्ये प्रत्येक पार्किंगला पॉइंट मिळेल बघ.” मला राग आला, पण त्यांचं म्हणणं अगदीच चुकीचं नव्हतं. बिल्डिंग पडली की आम्ही तीन-चार वर्षं भाड्याच्या घरात. तिथे पार्किंग मिळेल का हेच माहीत नाही, प्लग तर सोडाच.

प्लगशिवाय इलेक्ट्रिक गाडीचा हिशेब कसा बदलतो ते पाहा. आमचं वर्षाचं चालणं ९,००० किलोमीटर, तेही आता निवृत्तीनंतर कमीच होणार. युनिटला साडेसहा किलोमीटर धरले आणि चार्जिंगमधली गळती मिळवली तर वर्षाला सुमारे १,५०० युनिट. घरी १० रुपये दर धरला तर १५ हजार रुपये. बाहेरच्या फास्ट चार्जरवर २२ रुपये धरले तर ३३ हजार. स्ट्राँग हायब्रिडने वांद्र्याच्या ट्रॅफिकमध्ये २० चं मायलेज दिलं (दावा २७-२८ चा असतो, पण डायरी आठवा), तर १०३-१०४ रुपयांच्या पेट्रोलने वर्षाचा खर्च साडेशेहेचाळीस हजारांच्या आसपास. म्हणजे प्लग असेल तर इलेक्ट्रिक गाडी हायब्रिडच्या एक तृतीयांश खर्चात चालते. प्लग नसेल तर वर्षाला तेरा-साडेतेरा हजार वाचतात, आणि त्या बदल्यात दर आठवड्याला कुठल्यातरी मॉलच्या तळघरात पाऊण तास बसायचं. हे मी करेन. ६० वर्षांच्या माणसाला करायला लावणार नाही.

आईचं मत सीएनजी होतं. मग १६ नोव्हेंबरला आरसीएफच्या आवारात गॅसची मुख्य पाइपलाइन खराब झाली आणि पुढचे दोन दिवस मुंबईभर पंपांवर रिक्षांच्या रांगा लागल्या. आईने विषय पुन्हा काढला नाही. एका घटनेवरून इंधन बाद करू नये हे मला पटतं, पण सियाझच्या डिकीची सवय असलेल्या घरात सिलेंडरने अडलेली डिकी गणपतीला चिपळूणला नेणं तसंही अवघड होतं.

राहिली बाबांची आवडती स्ट्राँग हायब्रिड. प्लगची कटकट नाही, ट्रॅफिकमध्ये हुशार. पण त्याच मॉडेलच्या साध्या ऑटोमॅटिकपेक्षा ती रस्त्यावर येईपर्यंत पावणेतीन लाखांच्या आसपास महाग पडते. साधी गाडी शहरात ११ देईल असं धरलं तर हायब्रिड वर्षाला ३८ हजार वाचवते. फरक भरून निघायला सात वर्षं. जो वर्षाला २० हजार किलोमीटर चालवतो त्याला तीन-सव्वातीन वर्षंच लागतील, त्याने डोळे झाकून घ्यावी. आमच्यासाठी नाही. आणि बाबांचे १५ लाख एकोणीस-वीसपर्यंत ताणावे लागले असते, ते वेगळंच.

एक धोका स्प्रेडशीटमध्ये बसत नाही. जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने हवेच्या प्रदूषणावरच्या सुनावणीत विचारणा केल्यानंतर राज्य सरकारने सात जणांची समिती नेमली. मुंबई परिसरात टप्प्याटप्प्याने पेट्रोल-डिझेल बंद करून फक्त सीएनजी आणि विजेच्या गाड्यांना परवानगी देता येईल का, हे तपासायला. त्या वाक्यात हायब्रिड कुठे आहे? कुठेच नाही. कराच्या रकान्यात ती मोठी पेट्रोल गाडी, धोरणाच्या रकान्यातही पेट्रोल. उद्या असा नियम आलाच तर तिला कोणत्या बाजूला उभं करतील यावर मी निवृत्तीचे पैसे लावणार नाही.

मे महिन्यात परिवहन मंत्र्यांनी पार्किंगचं प्रमाणपत्र नसेल तर नव्या गाडीची नोंदणी नाही, असं जाहीर केलं होतं. ते प्रत्यक्षात आलं तर भाड्याच्या घरातल्या तीन वर्षांत गाडी बदलणं आणखी अवघड. म्हणून जे घ्यायचं ते बिल्डिंग रिकामी व्हायच्या आत, असं ठरलं.

शेवटी घेतली चार मीटरच्या आतली साधी पेट्रोल ऑटोमॅटिक. १८ टक्क्यांवाली, रस्त्यावर येईपर्यंत साडेदहा लाखांच्या आत. शहरात साडेबाराचं मायलेज धरलं तर इंधनाचा खर्च हायब्रिडपेक्षा वर्षाला २८ हजार जास्त, हे मान्य. पण हातात राहिलेले साडेचार लाख आणि जे ताणावेच लागले नाहीत ते चार-पाच लाख यांच्यापुढे २८ हजार लहान वाटतात. प्रदूषणाच्या बाजूने पाहिलं तर हे उत्तर चुकीचं आहे, आणि ते मला टोचतं. आमच्या कोपऱ्यात एक वायर आली असती तर आम्ही एकही लिटर पेट्रोल न जाळणारी गाडी घेतली असती, आणि तीही बजेटमध्ये. साडेचार लाखांची एफडी केली आहे. तिच्यावर बाबांनी पेन्सिलने लिहिलंय, ‘टॉवर – प्लग’.

सियाझ विकायला जुन्या गाड्यांच्या ॲपवर टाकली. माहिती भरताना इंधनाच्या यादीत हायब्रिड असा पर्याय सापडला नाही म्हणून ‘डिझेल’ निवडलं. बघायला आलेल्या मुलाने बिल्ला पाहिला, म्हणाला, “हायब्रिड आहे? मग बॅटरीचा खर्च निघेल ना?” मी पावसाळ्यातलं बॅटरीचं बिल दाखवलं. भाव त्याने डिझेल सियाझचाच दिला.

बाबांनी ग्लोव्ह बॉक्समधली डायरी तेवढी काढून घेतली.