दामोदर हॉलला नक्षीदार भिंती नाहीत, म्हणून तो वारसा नाही?

वारसा कशाला म्हणायचं, हे या देशात कोण ठरवतं? जुनी थिएटरं वाचवा, त्यांची डागडुजी करा, अशी हाक सध्या मुंबई-पुण्यातून वारंवार ऐकू येते. आमचा या हाकेला विरोध नाही. पण कोणती थिएटरं वाचली आणि कोणती मरायला सोडली, याची यादी मांडली की या हाकेमागची जात आणि वर्ग दोन्ही उघडे पडतात. म्हणून मालवणच्या किनाऱ्यावर बसून आम्ही हा लेख लिहीत आहोत.

मुंबईचं रॉयल ऑपेरा हाऊस १९९३ मध्ये बंद पडलं. दोन दशकांहून अधिक काळ ते धूळ खात होतं. गोंडल संस्थानचं राजघराणं त्याचं मालक. त्यांनी तज्ज्ञांकडून काम करून घेतलं आणि २०१६ मध्ये ते पुन्हा उघडलं. सोनेरी नक्षी, झुंबरं, बाल्कन्या सगळं परत उभं राहिलं. पुढच्याच वर्षी युनेस्कोचा पुरस्कार मिळाला. चर्चगेटचं इरॉस १९३८ चं, कुलाब्याचं रीगल १९३३ चं. २०१८ मध्ये दक्षिण मुंबईतल्या व्हिक्टोरियन आणि आर्ट डेको इमारतींचा समूह जागतिक वारसा यादीत गेला, त्यात ही दोन्ही थिएटरं आहेत. चांगलंच झालं. इमारत सुंदर असेल तर ती टिकावी, याबद्दल वाद नाही.

आता परळला या. १९२२ चा दामोदर हॉल. ना. म. जोशींच्या सोशल सर्व्हिस लीगने गिरणी कामगारांच्या वस्तीत उभा केलेला. इथे झुंबर नाही, सोनेरी वर्ख नाही. पण ९ मार्च १९२४ रोजी याच हॉलमध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी सभा बोलावली आणि त्या सभेतून २० जुलै १९२४ रोजी बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन झाली. शिकवा, चेतवा, संघटित करा हे ब्रीद घेऊन उभ्या राहिलेल्या या संस्थेचं कार्यालय याच दामोदर हॉलमध्ये होतं. जवळच्या बीआयटी चाळीत राहणारे बाबासाहेब इथे बसून काम करत. पुढच्याच वर्षी सोलापूरला वसतिगृह निघालं, तीन वर्षांत महाडचं चवदार तळं पेटलं. या देशातल्या अस्पृश्यांच्या संघटित राजकारणाचा पत्ता काही वर्षं 'दामोदर हॉल, परळ' असा होता. एखाद्या इमारतीला वारसा म्हणायला याहून मोठं काय लागतं?

आणि आमच्या कोकणाच्या दृष्टीने दामोदरचं आणखी एक नातं आहे. रत्नागिरी-सिंधुदुर्गातला चाकरमानी गिरणीत गेला तो पोटासाठी. गावाकडे खोताच्या जमिनीवर राबून हाताला काही लागत नव्हतं. बाबासाहेबांनी १९३७ मध्ये कायदेमंडळात खोती नष्ट करण्याचं विधेयक मांडलं, १९३८ च्या जानेवारीत शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईत कौन्सिल हॉलवर नेला, ते याच माणसांसाठी. या माणसांनी लालबाग-परळमध्ये खोली घेतली आणि सोबत आपलं नमन, शक्ती-तुरा, भजन, दशावतार आणला. आठवडाभर पाळी करून रविवारी दामोदरला गाववाल्यांचा कार्यक्रम बघायचा, तिथेच गावच्या शाळेसाठी, रस्त्यासाठी वर्गणी जमवायची. कोकणातल्या कितीतरी वाड्यांच्या मंडळांचा हिशेब दामोदरच्या तिकीटविक्रीवर चालत आला.

हा दामोदर २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये पुनर्विकासासाठी बंद झाला. रंगकर्मी रस्त्यावर आले, आंदोलन झालं, २०२४ मध्ये राज्य सरकारला कामाला स्थगिती द्यावी लागली. संस्थेची बाजू अशी की शाळेला जागा हवी आहे. ती बाजू आम्ही हसण्यावारी नेणार नाही. शाळा म्हटल्यावर आंबेडकरी माणूस दोन पावलं मागे येतो, कारण आम्ही शिक्षणाच्या जोरावर उभे आहोत. पण आमचा प्रश्न असा आहे: निवड नेहमी गरिबांच्या दोन वस्तूंमध्येच का करायला लावली जाते? गिरण्यांच्या जमिनींवर टॉवर उभे राहिले, मॉल उभे राहिले, तेव्हा शाळा हवी की मॉल, असं कुणी विचारलं नाही. कामगाराचं नाट्यगृह आणि कामगाराच्या पोराची शाळा एकमेकांसमोर उभी करायची, आणि शेजारचा टॉवर मात्र हिशेबातच धरायचा नाही, हे गणित आम्हाला मान्य नाही.

दामोदर एकटा नाही. लालबागचं भारतमाता सिनेमागृह गिरणीच्या जमिनीवरचं. गिरणगावातल्या माणसाला परवडेल अशा दरात मराठी सिनेमा दाखवणारं. तेही वाचवण्यासाठी आंदोलन करावं लागलं. गिरगावातल्या मॅजेस्टिकमध्ये १४ मार्च १९३१ रोजी 'आलम आरा' हा भारताचा पहिला बोलपट झळकला. आज तिथे मॅजेस्टिक नावाचं शॉपिंग सेंटर आहे आणि 'आलम आरा'ची एकही प्रत शिल्लक नाही. थिएटरही गेलं, सिनेमाही गेला.

इथे आमच्यातलेच काही मित्र म्हणतील, "अरे, अत्याचार थांबत नाहीत, शिष्यवृत्त्या अडकतात, भरती बंद आहे, आणि तुम्हाला थिएटरचं पडलंय?" या मित्रांना आम्ही संविधान उघडायला सांगतो. कलम १५ चं दुसरं पोटकलम वाचा. धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान यांवरून कोणत्याही नागरिकाला ज्या ठिकाणी अडवता येणार नाही, त्यात दुकानं आहेत, उपाहारगृहं आहेत, हॉटेलं आहेत, आणि सार्वजनिक करमणुकीची ठिकाणंही आहेत. त्याच कलमात पुढे विहिरी, तलाव, घाट, रस्ते येतात. चवदार तळ्याच्या पंक्तीत संविधानाने थिएटर बसवलं आहे. ज्यांनी हे लिहिलं त्यांना करमणूक हा चोचला वाटला नव्हता. माणूस दुसऱ्या माणसाच्या शेजारी कुठे बसतो, यावर जात जगते किंवा मरते, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

वाड्यावाड्यांवर फिरताना आमच्या म्हाताऱ्या माणसांकडून आम्ही जे ऐकतो, ते याला पुरावा आहे. देवळाच्या जत्रेत दशावतार बघायचा तर कुणी कुठे उभं राहायचं हे ठरलेलं. मान कुणाचा, पान कुणाचं, पहिली ओटी कुणाची, सगळं ठरलेलं. तंबू टॉकीज आली तिथे मात्र तिकिटाचे पैसे टाकले की आत. खाली वाळूत बसायचं, पण शेजारी कोण बसलंय हे अंधारात कुणी विचारत नसे. पैशाने केलेली वर्गवारी तिथेही होती, खुर्चीचं तिकीट वेगळं होतं. पण जन्माने ठरलेली जागा आणि पैशाने ठरलेली जागा यांत फरक आहे. दुसरी उद्या बदलू शकते. आमच्या आजोबांच्या पिढीला हा फरक पुस्तकात वाचावा लागला नाही.

तरीही थिएटर म्हणजे समतेचं मंदिर, अशी खोटी आरती आम्ही ओवाळणार नाही. पी. के. रोझी आठवा. मल्याळम सिनेमाची पहिली नायिका, जन्माने दलित. 'विगतकुमारन' या मूकपटात तिने नायर स्त्रीची भूमिका केली. तिरुवनंतपुरमच्या थिएटरात सवर्ण प्रेक्षक खवळले, पडद्यावर दगड पडले, तिला गाव सोडून पळावं लागलं. पुढे ती सिनेमात कधीच दिसली नाही. मराठी पडद्यानेही दशकानुदशकं आम्हाला एकतर दाखवलं नाही, किंवा दाखवलं तर पाटलाच्या वाड्याबाहेर हात जोडून उभं केलं. म्हणून जुन्या थिएटरांबद्दल बोलताना आमचे डोळे पाणावत नाहीत. आम्ही हक्काचा हिशेब मागतो आहोत. त्या इमारतीत आमचा अपमान झाला असेल तर तोही तिच्या इतिहासात लिहिला गेला पाहिजे.

अमेरिकेतल्या काळ्या समाजाने हे करून दाखवलं आहे. वॉशिंग्टनचं हॉवर्ड थिएटर १९१० मध्ये काळ्या प्रेक्षकांसाठी उघडलं, कारण गोऱ्यांच्या थिएटरात त्यांना मान नव्हता. वस्ती बदलली, थिएटर बंद पडलं, अनेक वर्षं ओसाड राहिलं. २०१२ मध्ये ते दुरुस्त होऊन पुन्हा सुरू झालं, आणि त्याची ओळख आजही काळ्यांच्या संगीताचं घर अशीच सांगितली जाते.

लांब कशाला जायचं? कोल्हापूरला बघा. राजर्षी शाहू महाराजांनी १९१५ मध्ये पॅलेस थिएटर उभं केलं, तेच आजचं केशवराव भोसले नाट्यगृह. ज्या राजाने १९०२ मध्ये निम्म्या जागा मागासांसाठी राखल्या, त्याच राजाने रयतेसाठी नाट्यगृह आणि कुस्तीचं मैदान शेजारी शेजारी बांधलं. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री हे नाट्यगृह आगीत जळालं. कोल्हापूर हळहळलं, सरकारने पुन्हा उभारणीसाठी निधी जाहीर केला. योग्यच झालं. पण आग एका रात्रीत जाळते म्हणून ती दिसते. दुर्लक्ष वीस वर्षं जाळतं, आणि त्याला कुणी बातमी म्हणत नाही.

आमच्या सिंधुदुर्गात हेच चाललं आहे. १९९७ मध्ये हा पर्यटन जिल्हा जाहीर झाला. २०२५ मध्ये सिंधुदुर्ग आणि विजयदुर्ग हे किल्ले जागतिक वारसा यादीत गेले, याचा आम्हालाही अभिमान आहे. पण सरकारच्या लेखी वारसा म्हणजे पर्यटकाने फोटो काढावा अशी वस्तू. राजकोटला ४ डिसेंबर २०२३ रोजी शिवरायांच्या पुतळ्याचं अनावरण झालं आणि २६ ऑगस्ट २०२४ रोजी तो कोसळला. महाराज रयतेचे होते, म्हणून आमचेही आहेत. त्यांच्या नावाने झालेलं काम नऊ महिनेसुद्धा टिकू नये, हे उद्घाटनाला सण आणि देखभालीला भार मानणाऱ्या कारभाराचं फळ आहे. याच कारभाराच्या हातात आमची नाट्यगृहं आणि टॉकीजच्या जागा आहेत. मालवणात मामा वरेरकरांच्या नावाचं नाट्यगृह आहे. अशा नावांचा मान फलकाने राहत नाही, वर्षभर चालणाऱ्या प्रयोगांनी राहतो. २०२५ मध्ये कोकणातल्या कलावंताची गोष्ट सांगणारा 'दशावतार' सिनेमा महाराष्ट्रभर गाजला. ज्यांच्या मातीतली ती गोष्ट, त्या जिल्ह्यातल्या वाडीवरच्या माणसाला तो बघायला एसटी धरून जावं लागलं, कारण पडदे मोजकेच उरलेत.

"आता मोबाइलवर सगळं मिळतं, थिएटर कशाला?" असं विचारणाऱ्यांना एवढंच सांगतो: मोबाइलवर माणूस आपल्या घरात, आपल्या जातीत बसून सिनेमा बघतो. आणि मॉलमधल्या मल्टिप्लेक्सचं तिकीट, वर पॉपकॉर्नचा भाव, हे मजुरीवर जगणाऱ्या कुटुंबाला झेपत नाही. संविधानाने जे दार उघडलं, ते तिकिटाच्या दराने पुन्हा ओढून घेतलं. तिथे पाटी लावावी लागत नाही, दर पुरेसा आहे.

म्हणून आमच्या मागण्या साध्या आहेत. दामोदर हॉल पुन्हा उभा राहील तेव्हा पूर्वीइतक्याच आसनांचा, कामगार आणि लोककलावंतांच्या मंडळांना परवडेल अशा भाड्याचा असावा, आणि बहिष्कृत हितकारिणी सभेचा इतिहास दर्शनी भागात कायमचा लिहिला जावा. सिंधुदुर्गातल्या चालू आणि बंद टॉकीज, नाट्यगृहं यांची जिल्हा प्रशासनाने नोंद करावी; इमारतीच्या नक्षीसोबत तिथे कोण बसत होतं, कोण काम करत होतं, याचीही. तिकीट फाडणारे, प्रोजेक्टर चालवणारे, पोस्टर रंगवणारे, झाडू मारणारे कोणत्या समाजाचे होते, हे लिहिल्याशिवाय थिएटरचा इतिहास पुरा होत नाही. सरकारी पैशाने दुरुस्त झालेल्या प्रत्येक थिएटरात वर्षातले ठरावीक दिवस शाळांसाठी, आंबेडकरी जलशांसाठी, लोककलेसाठी नाममात्र भाड्यात राखले जावेत. लोकांच्या पैशाने वाचवायचं आणि नंतर लोकांनाच बाहेर ठेवायचं, याला जतन म्हणत नाहीत.

आणि एक काम सरकारकडे मागायचं नाही, ते आपणच करायचं. आपल्या वाडीतल्या, विहारातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा: पहिला सिनेमा कुठे पाहिला, कुठे बसलात, तिकीट किती होतं, कुणी उठवलं का? त्यांचं बोलणं रेकॉर्ड करा, लिहून काढा. ही माणसं जाण्याआधी हे झालं पाहिजे. गोंडलच्या राजघराण्याकडे पैसा होता, त्यांनी ऑपेरा हाऊस वाचवलं. आमच्याकडे पैसा नाही, पण साक्षीदार आहेत. ते गेल्यावर दामोदरची जागा म्हणजे नुसता एक प्लॉट उरेल, आणि प्लॉटचं काय करायचं हे या शहराला चांगलं ठाऊक आहे.

जय भीम!