उन्हाची सवय गृहीत धरू नका

वाळवंटातले आजार म्हटले की राजस्थान नाहीतर आखात आठवतं. पण पर्जन्यछायेतल्या आष्टी तालुक्यात, कड्यासारख्या गावी मे महिन्यात लग्नासाठी येणाऱ्या पाहुण्यालाही उष्माघाताचा धोका असतोच. शरीर उन्हाला सरावायला साधारण एक ते दोन आठवडे घेतं. घाम लवकर सुटू लागतो, त्यातून मीठ कमी जातं. पुण्यातल्या थंड कार्यालयातून सकाळी निघालेल्याला ही सवलत नसते. १६ एप्रिल २०२३ला खारघरमध्ये महाराष्ट्र भूषण सोहळ्यानंतर उष्माघाताने १४ जणांचा बळी गेला. तिथे ना वाळवंट होतं, ना पंचेचाळीस अंश. दमट हवेत घाम वाळत नाही आणि उघड्यावर बसलेल्या माणसाचं अंग तापत जातं.

'आमच्या माणसांना उन्हाची सवय आहे,' असं यावर हमखास ऐकवलं जातं. ते अर्धंच खरं. सवय काही आठवड्यांत मोडते, आणि ऊसतोडीसारख्या कष्टात शरीर आतूनही तापतं, तिथे सरावलेला गडीही कोसळतो. खिशातल्या कांद्यावर भिस्त ठेवणाऱ्यांशी वाद नको. कांदा राहू द्या, पाण्याची बाटलीही असू द्या. माणूस बरळू लागला, अंग भाजू लागलं तर मात्र दवाखान्याची गाडी येईपर्यंत थांबू नये. सावलीत नेऊन अंगावर पाणी ओतत वारा घालावा. शुद्ध हरपली असेल तर तोंडात पाणी घालू नये. बसस्थानकावर आणि मंगल कार्यालयात सावली, पाणी नि क्षारसंजीवनी ठेवणं ग्रामपंचायतीला आणि यजमानाला जड नाही. दुपारी बाराचा मुहूर्त धरणाऱ्यांनी तरी ही सोय आधी करावी.