ग्रंथ वाचले, पण वाचक?

भाषा ग्रंथांत टिकते, असे आपण सारेच म्हणतो. ते खरे आहे, परंतु अर्धेच खरे आहे. ज्या अमेरिकेत आम्ही येऊन स्थायिक झालो, तिचेच पन्नासावे राज्य असलेल्या हवाई बेटांचा इतिहास उरलेले अर्धे सत्य सांगतो.

इ.स. १८२० पर्यंत हवाईयन भाषेला लिपी नव्हती. वंशावळी, देवकथा, शेती व मासेमारीचे ज्ञान, वनौषधींचे उपचार, सारे काही मुखोद्गत होते. त्या वर्षी आलेल्या ख्रिस्ती मिशनऱ्यांनी रोमन अक्षरे योजून ही भाषा लेखनात बसविली आणि जानेवारी १८२२ मध्ये होनोलुलू येथे तिचा पहिला मजकूर छापला. त्यानंतर सरदारांपासून सामान्य शेतकऱ्यांपर्यंत सारे लोक इतक्या ओढीने वाचावयास शिकले की, त्या शतकाच्या मध्यास हवाई हे जगातील अत्यंत साक्षर देशांपैकी एक गणले जाऊ लागले. १८३४ मध्ये माउई बेटावरील लाहाइनालुना येथील शाळेतून पहिले हवाईयन वृत्तपत्र निघाले. १९४८ पर्यंत अशा शंभराहून अधिक पत्रांनी मिळून सुमारे सव्वा लाख पाने छापली.

वैद्यकीय व्यवसायात आयुष्य गेल्यामुळे या कालखंडाकडे पाहताना आमचे लक्ष दुसऱ्याही एका गोष्टीकडे जाते. परकीय जहाजांबरोबर आलेले रोग याच काळात तेथील माणसे मारीत होते. १८४८ साली गोवर आला, १८५३ साली देवी आल्या. ज्यांच्या मुखी परंपरा होती, तेच मरत होते. अशा काळात डेव्हिड मालो आणि सॅम्युएल कामाकाऊ या हवाईयन विद्वानांनी लेखणी हाती घेतली व जे ऐकले, जे पाहिले, ते आपल्याच भाषेत लिहून ठेवले. मालो यांनी आपल्या समाजाची केवळ थोरवी गायिली नाही. जन्माने बहिष्कृत मानल्या गेलेल्या 'कौवा' नावाच्या वर्गाविषयी, त्याच्याबद्दल इतरांच्या मनात असलेल्या किळसेविषयीही त्यांनी लिहिले. या ओळींचा अर्थ आपणा वाचकांस समजावून सांगण्याची गरज नाही. संस्कृती जपावयाची तर ती अशी, तिच्या व्रणांसह जपली पाहिजे, असे आमचे मत आहे.

मग एवढे ग्रंथ असूनही भाषा मरणपंथास कशी लागली? १८९३ मध्ये राणी लिलिउओकलानी यांची सत्ता उलथविण्यात आली. १८९६ च्या कायद्याने शाळांचे माध्यम इंग्रजी झाले आणि १८९८ मध्ये बेटे अमेरिकेत सामील करण्यात आली. शाळेत हवाईयन बोलणाऱ्या मुलांना शिक्षा होऊ लागली. आईबापांनीही, मुलांचे भले व्हावे या हेतूनेच, घरात इंग्रजी आणली. मेरी कावेना पुकुई या विदुषीने सॅम्युएल एल्बर्ट यांच्यासह १९५७ मध्ये मोठा शब्दकोश सिद्ध केला, १९८३ मध्ये जवळजवळ तीन हजार म्हणी व सुभाषितांचा संग्रह दिला. परंतु १९८० च्या दशकाच्या आरंभी ही भाषा सहज बोलणारी अठरा वर्षांखालील मुले पन्नासही नसावीत, असा अंदाज होता. सव्वा लाख पाने दप्तरात सुरक्षित होती आणि ती वाचणारे मूल घरात नव्हते. रोग्याचा केसपेपर जपला म्हणून रोगी जगत नाही.

यावर उपाय केला तो काही शिक्षकांनी आणि पालकांनी. १९८३ मध्ये त्यांनी 'पुनाना लेओ', म्हणजे आवाजाचे घरटे, ही संस्था स्थापिली. पुढच्याच वर्षी काउआई बेटावर केवळ हवाईयन बोलणारी पहिली बालवाडी उघडली. १९८६ मध्ये कायदा बदलला, १९८७ पासून सरकारी शाळांतही हे शिक्षण सुरू झाले. लहान मुलांसाठी पुस्तके नव्हती, तेव्हा पालकांनी इंग्रजी चित्रपुस्तकांतील मजकुरावर हवाईयन भाषांतराच्या चिठ्ठ्या चिकटविल्या. ही मुले इंग्रजीही शिकतात. फक्त ती काही इयत्तांनंतर शिकतात. पुढे २०११ मध्ये जुन्या वृत्तपत्रांची पाने संगणकावर उतरविण्याचे आवाहन झाले, तेव्हा हजारो स्वयंसेवक पुढे आले. घरटे झाले, तेव्हाच त्या पानांना वारस मिळाले.

बंधु-भगिनींनो, आता आपल्या घरातील कपाटाकडे पाहू या. बाबासाहेबांचे इंग्रजी ग्रंथ आपली मुले केव्हातरी वाचतील. परंतु १९२० चा 'मूकनायक' आणि १९२७ चा 'बहिष्कृत भारत' मराठीत आहेत. ज्या वाणीने आपल्या आजोबा-पणजोबांना उभे केले, ती मूळ वाणी या देशात जन्मलेल्या आपल्या मुलांना बंद दार ठरणार काय? भाषांतर अर्थ देईल, तो आवाज देणार नाही. 'मुलांना वेळ कोठे आहे?' असे आपण म्हणतो. खरे सांगावयाचे तर वेळ आपल्याला नसतो, आणि हा दोष आम्ही प्रथम स्वतःकडे घेतो.

आठवड्यातून एक संध्याकाळ, एक पुस्तक, आणि मांडीवर एक मूल, एवढ्यापासून आरंभ होऊ शकतो. पुस्तक मिळाले नाही, तर चिठ्ठ्या आणि डिंक तरी प्रत्येक घरात आहे.