जन्माने कोणी गुन्हेगार असतो काय?

गुन्हेगार कोण, या प्रश्नाचे उत्तर आपणांस सोपे वाटते : जो गुन्हा करतो तो. कायद्याची भूमिकाही हीच आहे. निषिद्ध कृत्य आणि त्यामागील दुष्ट हेतू, ही दोन्ही सिद्ध झाल्याखेरीज सामान्यतः कोणालाही गुन्हेगार म्हणता येत नाही. शिक्षा कायद्याने ठरवलेली आणि कृत्याच्या प्रमाणात असावी, हे इटलीच्या बेकारियाने १७६४ सालीच मांडले होते.

परंतु याच तत्त्वाचा अभिमान मिरवणाऱ्या इंग्रज सरकारने १८७१ साली आपल्या देशात गुन्हेगार जमातींचा कायदा केला. त्याने कृत्य नव्हे, तर कूळ पाहिले. संपूर्ण जमातींची नोंद झाली. हजेरी सक्तीची झाली. परवान्यावाचून हिंडणे हाच अपराध ठरला. पुढे अनेकांना तारेच्या कुंपणाआड वसवण्यात आले. सोलापूरची 'सेटलमेंट' ही त्यांपैकीच एक. १८७६ साली लोंब्रोसोने 'जन्मजात गुन्हेगारा'चा सिद्धान्त मांडला, तेव्हा आपल्याकडे तो कायदा होऊन पाच वर्षे लोटली होती! गोरिंग या इंग्रज वैद्याने सुमारे तीन हजार कैद्यांची मोजमापे घेऊन १९१३ साली लोंब्रोसोचा 'गुन्हेगारी चेहरा' खोटा ठरवला. कायदा मात्र तसाच राहिला.

३१ ऑगस्ट १९५२ रोजी या जमाती 'विमुक्त' झाल्या. कुंपण निघाले, संशय निघाला नाही. सराईत गुन्हेगारांविषयीच्या नव्या कायद्यांनी तो जिवंत ठेवला. तुरुंगात जातीनुसार कामे वाटणारे नियम घटनाबाह्य ठरवण्यासाठी सर्वोच्च न्यायालयाला ३ ऑक्टोबर २०२४ चा दिवस उजाडावा लागला.

कोणी म्हणेल, 'पण पारधी चोऱ्या करतात ना?' ज्याने चोरी केली त्याला पुराव्यानिशी शिक्षा द्यावी. त्याच्या पाळण्यातल्या मुलाला कशासाठी? आणि चोरी म्हणजे केवळ घरफोडीच काय? सदरलँड या समाजशास्त्रज्ञाने १९३९ साली 'पांढरपेशा गुन्हेगारी' हा शब्द रूढ केला, तो प्रतिष्ठितांच्या लबाडीकडे बोट दाखवण्यासाठी. मजुराचे वेतन बुडवणारा धनी आणि खोट्या दस्तऐवजांनी जमीन गिळणारा दलाल यांना आपण लग्नसमारंभात पुढची खुर्ची देतो. पालात राहणाऱ्या बाईला मात्र फाटकाबाहेरूनच हाकलतो. समाज गुन्ह्याची व्याख्या करतो ती अशी : हात कोणाचा आहे हे पाहून.

आपल्या श्रद्धेत आदिपाप आहे. पण ते सर्व मानवजातीचे आहे, कोण्या एका जमातीचे नव्हे. बाप्तिस्म्याच्या कुंडाशी कोणाचेही कूळ विचारले जात नाही. मग धर्मग्रामातील शाळेच्या दाराशी आणि नोकरी देताना ते का विचारले जावे? विमुक्तांच्या मुलांना शाळेत जागा आणि त्यांच्या आईबापांना काम देणे हा दयाधर्म नव्हे. ते आपल्याकडील थकलेले देणे आहे.