तारुण्य सरले, पीटिका उरल्या

मुरुमांना मराठीत तारुण्यपीटिका असा एक भारदस्त शब्द आहे. आमच्या बेटावर घरोघरी क्रिओलमधल्या ‘बुतों’वरच काम भागते; वर्गात तारुण्यपीटिका हा शब्द उच्चारला की मुले एकमेकांच्या तोंडाकडे पाहून हसू लागतात. शब्द सुंदर आहे, पण तो अर्धेच सत्य सांगतो. सुश्रुतसंहितेतही मुखदूषिका म्हणून जो विकार सांगितला आहे, तो तरुणांचाच. यामुळे एक समजूत आमच्यात पक्की झाली आहे. मुरुम म्हणजे सोळाव्या वर्षाचा पाहुणा. वय वाढले, लग्न झाले, मूलबाळ झाले की तो आपोआप जाणार. मग जिच्या हनुवटीवर पस्तिसाव्या वर्षी दुखरे, खोल फोड उठतात, त्या बाईला वाटते की हे आपल्या एकटीलाच झाले आहे आणि आपलेच काही तरी चुकले आहे.

तसे मुळीच नाही. अमेरिकेतील अलाबामा येथील संशोधकांनी वीस वर्षांवरील १,०१३ स्त्रीपुरुषांना याविषयी विचारले आणि २००८ साली त्याची माहिती प्रसिद्ध केली. तिशीतल्या स्त्रियांपैकी सुमारे ३५ टक्के आणि चाळिशीतल्यांपैकी २६ टक्के स्त्रियांनी आपल्याला मुरुम येत असल्याचे सांगितले. त्याच वयाच्या पुरुषांत हे प्रमाण २० आणि १२ टक्के होते. पन्नाशीनंतरही १५ टक्के स्त्रिया यातून सुटल्या नव्हत्या. आकडे परदेशचे असले तरी आपल्या कुठल्याही शाळेच्या शिक्षकखोलीत, कुठल्याही लग्नाच्या मांडवात नीट पाहिले तर ते अगदीच परके वाटणार नाहीत.

हा विकार घाणीचा नव्हे, हे प्रथम ध्यानात घेतले पाहिजे. केसाच्या मुळाशी तेलकट द्रव तयार करणाऱ्या ग्रंथी असतात. त्या छिद्राचे तोंड मृत पेशींनी बंद होते, आत तेल साठते, त्वचेवर नेहमीच राहणारे जंतू तेथे वाढतात आणि सूज येते. या सर्वांना चालना देणारी द्रव्ये, म्हणजे संप्रेरके, शरीरातच असतात. म्हणून दिवसातून सहा वेळा साबणाने तोंड घासून मुरुम जात नाहीत. उलट कातडी सोलवटते. पोटातील उष्णता, रक्तातील दोष, मनातील पाप यांचा तर येथे संबंधच नाही.

तरीही आमच्या समाजात मुरुमांवर पहिला इलाज होतो तो जिभेने. ‘अगं, हे काय झाले तोंडाला?’ असे मावशी चारचौघांत विचारते. ‘लिंबू चोळ,’ असे शेजारीण सांगते. पोर्ट लुईच्या बाजारातून तिझानची पुडी आणून देणारे हितचिंतकही असतात. माया सगळ्यांच्याच बोलण्यात असते. पण ती ऐकणारी व्यक्ती त्या दिवसापासून मान खाली घालून वावरू लागते, गणेशचतुर्थीच्या फोटोत मागे उभी राहते आणि मिळेल तो झटपट उपाय शोधू लागते. शिक्षकाला तर तोंड लपवण्याची सोयच नाही. तीस मुले दिवसभर त्याच्याच तोंडाकडे पाहत असतात आणि मुले प्रश्न विचारताना आडपडदा ठेवत नाहीत.

झटपट उपाय दुर्दैवाने हाताशीच असतो. भारतात जाऊन आलेल्या नातेवाइकाच्या बॅगेत मसाले, साड्या आणि पूजेचे साहित्य यांच्याबरोबर दोनचार मलमाच्या नळ्या हमखास असतात. ‘याने डाग जातात, गोरेपणाही येतो,’ अशी त्यांची ख्याती. खरोखरच पहिले पंधरा दिवस चमत्कार होतो. सूज उतरते, रंग उजळतो. कारण अशा पुष्कळ मलमांत तीव्र स्टेरॉइड असते. त्यानंतर कातडी पातळ होते, बारीक लाल शिरा दिसू लागतात, चेहऱ्यावर लव वाढते आणि ज्यांच्यासाठी मलम लावले ते मुरुम दुप्पट जोराने परत येतात. मलम थांबवावे तर चेहरा पेटतो, म्हणून पुन्हा तेच मलम. आमच्या ओळखीच्या एका शिक्षिकेने असे दीड वर्ष काढले. अखेर उन्हात उभे राहणेही तिला असह्य झाले. मूळ मुरुमांपेक्षा मलमाचा आजार निस्तरायला अधिक महिने लागले.

हे एका घरापुरते नाही. भारतातील चर्मरोगतज्ज्ञांनी ठिकठिकाणच्या रुग्णालयांत चेहऱ्याच्या तक्रारी घेऊन आलेल्या २,९२६ रुग्णांची तपासणी करून २०११ साली निष्कर्ष छापले. त्यांतील ४३३ जण चेहऱ्याला स्टेरॉइडचे मलम लावत होते. निम्म्याहून अधिक लोकांना ते डॉक्टरने नव्हे, तर इतर कुणीतरी सुचवले होते. मलम लावणाऱ्या दर दहांपैकी नऊ जणांना त्याचा अपाय झाला होता, आणि सर्वांत अधिक आढळलेला अपाय म्हणजे मुरुमच! २०१८ साली भारत सरकारने अशी बरीच मलमे डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकण्यास मनाई केली. पण नियम दुकानाला लागू असतो, पाहुण्याच्या बॅगेला नाही. म्हणून आमची वाचकांना विनंती आहे की घरात अशी नळी असेल तर तिच्यावरील बारीक अक्षरे वाचा. बीटामेथॅसोन, क्लोबेटॅसॉल, मोमेटॅसोन यांपैकी नाव दिसले तर ती मुरुमांसाठी नव्हे, हे जाणा. पुष्कळ दिवस लावत असाल तर एकाएकी थांबवू नका आणि लपवूही नका. नळी हातात घेऊनच डॉक्टरकडे जा.

आता खरे उपाय पाहू. त्यांत गुप्त असे काही नाही आणि पहिली पायरी फारशी महागही नाही. सौम्य मुरुमांसाठी बेन्झॉइल पेरॉक्साइडचे मलम असते. अडीच टक्क्यांचे मलम बहुतेकांना पुरते; दहा टक्क्यांच्या मलमाने गुण फारसा वाढत नाही, आग मात्र वाढते. ते उशीच्या अभ्र्याचा आणि टॉवेलचा रंग उडवते, एवढे लक्षात ठेवावे. दुसरे औषध अ जीवनसत्त्वाच्या कुळातले, अॅडापॅलीन किंवा ट्रेटिनॉइन. रात्री वाटाण्याएवढे घेऊन केवळ फोडावर नव्हे, तर सबंध चेहऱ्यावर पातळ लावायचे, प्रथम एक दिवसाआड. ट्रेटिनॉइन १९७१ पासून वापरात आहे, अॅडापॅलीनचे ०.१ टक्क्याचे मलम अमेरिकेत २०१६ पासून चिठ्ठीविना मिळते. ही नवलाईची औषधे नव्हेत, पारखलेली आहेत. गरोदर स्त्रीने मात्र या कुळातील औषधांपासून दूर राहावे. तिच्यासाठी अॅझेलेइक अॅसिडचे मलम आहे. ते मागे राहिलेले काळे डागही फिके करते, आणि आपल्या सावळ्या कातडीला फोडापेक्षा डागच अधिक काळ छळतो. तो डाग उन्हाने गडद होतो. म्हणून आमच्या बेटावर ऊन अडवणारे मलम ही चैन नसून उपचाराचाच भाग आहे.

एवढ्याने भागत नसेल तर डॉक्टर तोंडाने घेण्याच्या गोळ्या देतात. प्रतिजैविके साधारण तीन महिन्यांपलीकडे लांबवू नयेत आणि नुसती घेऊ नयेत; सोबत मलम हवेच. नाहीतर जंतूच औषधाला पुरून उरतात. ज्या स्त्रियांना जबड्यावर आणि हनुवटीवर पाळीच्या आगेमागे फोड येतात, त्यांच्यासाठी संप्रेरकांवर काम करणारी औषधे आहेत. त्यांपैकी स्पायरोनोलॅक्टोनची परीक्षा इंग्लंड व वेल्समध्ये ४१० स्त्रियांवर झाली आणि २०२३ साली ती प्रसिद्ध झाली. चोवीस आठवड्यांनी औषध घेणाऱ्यांपैकी ८२ टक्के स्त्रियांनी सुधारणा झाल्याचे सांगितले, नुसती खोटी गोळी घेणाऱ्यांपैकी ६३ टक्क्यांनी. पण बाराव्या आठवड्यास हे आकडे ७२ आणि ६८ असे जवळजवळ सारखेच होते. ज्यांनी तिसऱ्या महिन्यात कंटाळून गोळी सोडली असती, त्यांच्या पदरी काहीच पडले नसते. धीर हेही या रोगात औषधच आहे. पाळी अनियमित असेल, चेहऱ्यावर राठ केस येत असतील तर तेही डॉक्टरला सांगावे, कारण मूळ बीजकोशाच्या विकारात असू शकते. पुरुषांनी व्यायामशाळेतील पूड आणि सुया लपवू नयेत. मुरुमांचे मूळ पुष्कळदा तेथेच सापडते.

खोल गाठी येऊन व्रण पडत असतील तर आयसोट्रेटिनॉइन हे सर्वांत प्रभावी औषध आहे. १९८२ पासून अमेरिकेत ते दिले जाते आणि काही महिन्यांच्या एका फेरीत पुष्कळांचा त्रास कायमचा संपतो. परंतु गर्भावर त्याचा परिणाम भयंकर होतो. म्हणून ते घेत असताना आणि थांबवल्यानंतरचा एक महिना दिवस राहता कामा नयेत. असे औषध मैत्रिणीकडून उसने घेण्याचे नव्हे. रक्त तपासून, डॉक्टरच्या नजरेखालीच ते घ्यावे.

आजीच्या शिकवणीचे काय, असे कुणी विचारील. आजी सर्वस्वी चूक नव्हती. गोडधोड कमी करा, हे तिचे म्हणणे आता शास्त्राच्या जवळ येत आहे. १९६९ साली अमेरिकेत चॉकलेटवर प्रयोग झाला आणि आहाराचा मुरुमांशी संबंध नाही असे जाहीर झाले. पण त्या प्रयोगात तुलनेसाठी दिलेल्या वडीतही साखर आणि चरबी भरपूर होती. पुढे २००७ साली ऑस्ट्रेलियात ४३ तरुणांवर झालेल्या प्रयोगात, रक्तातली साखर झपाट्याने वाढवणारे पदार्थ कमी केल्यावर मुरुम कमी झाले. तेव्हा पांढरा पाव आणि गोड पेये आवरावीत. पण आहार हा औषधाचा सोबती आहे, त्याचा पर्याय नव्हे. डोक्याला चोपडलेले तेल मात्र कपाळावर ओघळू देऊ नये, कारण केसांच्या तेलानेही कपाळावर फोड उठतात. लिंबाने कातडी पोळते आणि डाग वाढतो. त्याची जागा जेवणाच्या ताटात.

हे सर्व मिळवायचे कुठे? येथे आम्हांस खेदाने म्हणावे लागते की आपण दारची गंगा सोडून दूरच्या डबक्यात हात धुतो. या देशात सरकारी आरोग्यसेवा विनामूल्य आहे. गावच्या आरोग्यकेंद्रातील किंवा मेडिक्लिनिकमधील डॉक्टरला दाखवावे, आणि गरज पडली तर त्यांच्याकडून मोठ्या इस्पितळातील चर्मरोगतज्ज्ञाकडे चिठ्ठी मागून घ्यावी. तेथे रांग असते, तारीख लांबची मिळते, हे आम्हीही जाणतो. पण ज्या दीड वर्षात ती शिक्षिका मलम चोपडत राहिली, त्यात कितीतरी तारखा येऊन गेल्या असत्या. जाताना आजवर लावलेल्या आणि घेतलेल्या सर्व औषधांची यादी न्यावी; मूल हवे असल्यास तेही सांगावे. ‘एवढ्याशा गोष्टीसाठी डॉक्टरचा वेळ का घ्या?’ हा संकोच सोडावा. ज्या आजाराने व्रण उरतात आणि माणूस चारचौघांत जायचे टाळतो, तो एवढासा नसतो.

शेवटी दोन शब्द जिभेविषयी. दुसऱ्याच्या चेहऱ्यावर बोलण्याचा हक्क नात्याने मिळत नाही. भाचीची खरोखर काळजी वाटत असेल तर तिला एकांतात विचारावे, आणि ती हो म्हणाली तर तिच्यासोबत इस्पितळाच्या बाकावर अर्धा दिवस बसावे. ते जमत नसेल तर गप्प राहावे. आणि पुढच्या खेपेस मुंबईहून येताना बॅगेत मलमाची नळी टाकण्याचा मोह झाला तर तिच्या जागी एखादे मराठी पुस्तक टाकावे. त्याचा अपाय झाल्याचे आम्ही अजून ऐकलेले नाही.