शहराआधीची माणसे

भारतीयांचा इतिहास म्हटला की मौर्य, मुघल, मराठे, इंग्रज अशी सत्तांची रांग डोळ्यांपुढे येते. नवी मुंबईतल्या बेलापूरचा किल्लाही असाच सांगितला जातो: आधी सिद्दी आणि पोर्तुगीज, मग मराठे, मग इंग्रज. निशाण कोणाचेही असो, खाडीत जाळे टाकणारा कोळी आणि खाजणात बांध घालून भात, मीठ पिकवणारा आगरी तिथेच होता.

त्याला प्रेक्षक समजणे अन्यायाचे आहे. २५ सप्टेंबर १९३० रोजी उरणजवळ चिरनेरला जंगल सत्याग्रहींवर गोळ्या झाडल्या गेल्या. १९७० मध्ये नवी मुंबई वसवण्यासाठी सिडको हे सरकारी महामंडळ आले. ठाणे, पनवेल, उरण तालुक्यांतल्या ९५ गावांच्या जमिनी नव्या शहरासाठी घेण्याचे ठरले. जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली शेतकरी या भूसंपादनाच्या मोबदल्यासाठी उरणजवळच्या जासई परिसरात उभे ठाकले. बायकाही मोठ्या संख्येने होत्या. पोलिसांच्या गोळीबारात पाच जण हुतात्मा झाले. घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड शेतकऱ्यांना परत देण्याची योजना त्या लढ्याचेच फळ.

नवी मुंबईतल्या मुलांना हडप्पा ठाऊक असते. जासईही ठाऊक हवी.

म्हणून हा अंक राजधान्यांपासून नव्हे, दिवाळे आणि घणसोली या गावांपासून सुरू होतो.